किल्ली कुणाकडे?

मामाच्या मागच्या दारी सरपणावर एक फ्लेक्स अंथरलेला आहे. उन्हापावसानं रंग उडालाय, पण हात जोडलेले बारा चेहरे अजून ओळखू येतात. मधला मोठा चेहरा मामाचा, तो क्लबचा अध्यक्ष झाला त्या वर्षीचा. मामीला विचारलं तर ती म्हणते, त्या वर्षातलं सगळ्यांत टिकाऊ काम तेच.

जुलैतला रविवार होता. आदल्या रात्री नव्या अध्यक्षाचं पदग्रहण झालं होतं. ओसरीवर शाली, श्रीफळं आणि मान टाकलेले बुके पडले होते. माझ्या पिशवीत सभासदत्वाचा फॉर्म होता. मामानं दिलेला, पंधरा दिवस तसाच कोरा. आज सही करून टाकू म्हणून आलो होतो, तेवढ्यात रक्तपेढीतली रात्रपाळी संपवून ताई आली. ताई म्हणजे मामाची थोरली. तिथं तंत्रज्ञ आहे.

क्लब रोटरी की लायन्स, हे मुद्दाम सांगत नाही. तालुक्याच्या गावात बहुधा दोन्ही असतात. दोन्हींचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, दोन्हींचं मूळ शिकागोत, एकाचं १९०५ सालचं, दुसऱ्याचं १९१७ सालचं. आणि त्या सकाळी जे बोलणं झालं ते दोन्हींना सारखंच लागू पडतं.

"काल किती ताटं उठली, अप्पा?" चपला काढता काढताच ताईनं विचारलं.

"सव्वादोनशे असतील."

"आणि बाजारतळावरच्या संडासाला पाणी आलं?"

मामानं पेपर खाली ठेवला. "आधी चहा तरी घे."

ही जखम जुनी. पाच वर्षांपूर्वी क्लबनं आठवडी बाजाराच्या तळावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं. पांढऱ्या टाइल्स, वर पाण्याची टाकी, दारावर स्टीलची पाटी. पाटीवर अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रमुख पाहुणे, सगळे आहेत. फीत कापली, पेढे वाटले. पहिल्याच उन्हाळ्यात नळ तुटला, मग दुर्गंधी सुटली, मग कुणीतरी कुलूप घातलं. पाटी आजही चकचकीत आहे.

"सकाळी सहाला टेम्पोतून उतरलेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही," ताई म्हणाली. "मेथीच्या जुड्यांवर शिंपडते, स्वतः पीत नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच दुकानातून लघवीच्या जळजळीचं औषध नेतात त्या."

मामाचं औषधांचं दुकान आहे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आम्ही रीतसर हस्तांतर केलं. पत्र आहे फाइलला."

"पत्र आहे, पाणी नाही."

"अगं, बांधायचं आम्ही, आणि झाडायचंही आम्हीच?"

"हो. का नाही? घर बांधून देणारा आणि घर चालवणारा यांत चालवणाऱ्याचा खर्च जास्त, हे तुम्हीच मला लग्नात सांगितलं होतं."

ताईचं बोलणं असं असतं, पण तिचा मुद्दा नुसता टोमणा नव्हता. तिचं म्हणणं, दोष माणसांचा नाही, पद्धतीचा आहे. क्लबचा अध्यक्ष एका वर्षाचा. प्रत्येकाला आपल्या वर्षाचं काहीतरी उभं करायचं असतं. मागच्याच्या संडासाचा नळ दुरुस्त केला तर त्याचा फोटो कोण छापणार? म्हणून गावात पाणपोया वाढत जातात आणि तोट्या गळत राहतात. शाळेत एकाशेजारी एक तीन वॉटर कूलर उभे आहेत, तिन्हींवर वेगवेगळ्या वर्षांची नावं, आणि पोरं घरून बाटली नेतात.

मामा या ठिकाणी निरुत्तर होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही.

"एका वर्षाचं पद हा दोष म्हणतेस तू," तो म्हणाला. "आपल्या तालुक्यातल्या पतसंस्था बघ, शाळा-कॉलेजच्या संस्था बघ, दूध संघ बघ. खुर्चीवर आधी बाप, मग मुलगा, आता सून. आमच्याकडे ३० जूनला गळ्यातली कॉलर काढून ठेवावी लागते. कितीही मोठा माणूस असो. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या रांगेत. गावात अशी दुसरी एक संस्था दाखव."

ताईला दाखवता आली नाही. मलाही.

"आणि कालची ताटं म्हणतेस ना, ती आमच्या खिशातून. दोन खाती असतात. कारभाराचं वेगळं, सेवेचं वेगळं. लोकांकडून सेवेसाठी घेतलेल्या पैशातून जेवणावळ झाली तर खजिनदाराला मी घरी बसवीन."

हे खरं आहे. मामानं एकदा चारशे रुपयांच्या हिशेबावरून मासिक सभा रात्री साडेअकरापर्यंत चालवली होती, हे गावात अजून सांगतात. कौतुकानं कमी, वैतागानं जास्त.

मामी पोहे घेऊन आली. मामा आता रंगात आला होता आणि रंगात आला की तो शिकागोला जातो. पॉल हॅरिस नावाचा एक वकील, परगावाहून शहरात आलेला, ओळखीचं कुणी नाही. त्यानं २३ फेब्रुवारी १९०५ ला तिघांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत बसायचं, म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला सेवाबिवा काही नव्हतं. आपसांत धंदा द्यायचा, गप्पा मारायच्या. सेवा नंतर आली. "आणि गावासाठी पहिलं मोठं काम कोणतं केलं ठाऊक आहे? शिकागोत सार्वजनिक संडास."

"मग त्यांनी किल्ली कुणाकडे दिली होती?" ताईनं विचारलं.

मी हसलो. मामा नाही हसला.

"बरं, ते सोडा," ती म्हणाली. "चौघांत एक शिंपी होता म्हणालात. तुमच्या क्लबात शिंपी आहे?"

"कापड दुकानदार आहेत दोघं."

"शिंपी?"

"नाही."

"रिक्षावाला? अंगणवाडीतली बाई? बाजारतळावर बसणारी?"

मामानं पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढला. "वर्गणी परवडायला हवी. आणि वेळ."

"वेळ त्यांच्याकडे नाही हे खरं. पण गावाला काय पाहिजे हे त्यांना विचारलं असतं, तर टाइल्सऐवजी झाडणाऱ्या बाईचा पगार मागितला असता त्यांनी."

मला इथं ताईचं पटलं, आणि अजूनही पटतं. रोटरीत पूर्वी एक रीत होती, एका व्यवसायाचा शक्यतो एकच माणूस घ्यायचा. हेतू चांगला होता. गावातला प्रत्येक धंदा एका टेबलाभोवती यावा. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला एक डॉक्टर, एक वकील, एक बिल्डर. शिंप्याची जागा रिकामीच राहिली.

बायकांचंही तेच. अमेरिकेतल्या न्यायालयात प्रकरण गेलं. मग लायन्सनं १९८७ साली आणि रोटरीनं १९८९ साली बायकांना सभासदत्वाचं दार उघडलं. तोवर रोटरीत बाई म्हणजे 'ॲन', सभासदाची बायको. हे ताई बोलणार तोच मामी बोलली.

"माझ्या वाट्याला आले ते कप मोजायचे. शिबिर असलं की दीडशे कप जायचे आणि एकशे चाळीस परत यायचे. ह्यांच्या अहवालात लाभार्थी किती ते असायचं, कप किती फुटले ते कधी नसायचं." आणि ती आत गेली.

मामानं मग हुकमाचं पान टाकलं. पोलिओ.

"९ डिसेंबर १९९५," तो म्हणाला. तारीख त्याला मुलांच्या वाढदिवसासारखी पाठ आहे. देशभरातल्या पल्स पोलिओचा तो पहिला दिवस. क्लबनं सहा बूथ घेतले होते. "लस देणारे सरकारचे, मान्य. पण लस गार ठेवायची तर बर्फ लागतो, आणि दोन दिवस आधी कळलं की पुरेसा बर्फच नाही. बर्फाच्या कारखान्याचा मालक आमचा सभासद. रात्री फोन केला, पहाटे पाचला त्याचा टेम्पो दवाखान्याच्या दारात. जीप वकीलसाहेबांची. मांडव आमच्याच एका सभासदाचा. यातलं एकही कागदावर मागितलं असतं तर पुढच्या डिसेंबरला मिळालं असतं."

मग तो ऊसतोडीच्या कोप्यांकडे वळला. त्या महिन्यात कारखाने सुरू असतात. बीडकडची माणसं फडात, पोरं पाचटाच्या कोप्यांत किंवा बैलगाडीखाली. त्यांची नावं गावच्या कुठल्याच यादीत नाहीत. मामा आणि नर्सबाई मोटारसायकलवर थर्मासची पेटी घेऊन फडाफडांतून फिरले. एका बाईनं पोराला पाचटाखाली लपवलं. नर्सबाईंनी आधी आपल्या जिभेवर थेंब घेऊन दाखवला, मग ते पोर बाहेर आलं. त्याच्या डाव्या करंगळीला शाई लावताना मामाचा हात थरथरत होता, असं तो सांगतो. मला ते खरं वाटतं, कारण सांगतानाही थरथरतो.

"२००९ साली देशात ७४१ पोरं लुळी झाली होती. २०११ साली एक. १३ जानेवारीला, हावड्यात. त्यानंतर वन्य विषाणूनं एकही नाही. यात क्लबांचा पैसा आहे, माणसं आहेत. हे फोटोसाठी झालं म्हणतेस?"

"नाही म्हणत," ताई म्हणाली. आवाज खाली आला होता. "पण अप्पा, त्या नर्सबाईंचं नाव तुमच्या स्मरणिकेत कुठं आहे? टेम्पोवाल्याचं आहे. वकीलसाहेबांचं आहे, जीपच्या नंबरसकट."

यावर मामाजवळ उत्तर नव्हतं. त्यानं स्मरणिका मागवलीही नाही. त्याला माहीत होतं.

मला राहून राहून वाटतं, या गोष्टीतलं मोलाचं काय असेल तर तो बर्फ. फडात लपवलेलं पोर डोळ्यांसमोर येतं, पण ते पोर सापडेपर्यंत लस गार राहिली ती बर्फामुळं. आणि बर्फ आला तो एका फोनवर, कारण फोन करणारा आणि उचलणारा वर्षानुवर्षं पंधरवड्यातून एकदा एका टेबलावर जेवत होते. जेवणावळीला नावं ठेवताना हे विसरून चालत नाही. तरुण पोरांचे व्हॉट्सॲप ग्रुप क्लबाहून लवकर धावतात, हे २०१९ च्या कृष्णेच्या पुरात सगळ्यांनी पाहिलं. पण पाणी ओसरल्यावर चौथ्या आठवड्यात तोच ग्रुप गुड मॉर्निंगवर आला होता.

ताईला हे पटेना. "मग माझ्याकडे बर्फ का येत नाही?" ती म्हणाली. "मला बर्फ नको, रक्त पाहिजे."

आणि ती तिच्या कामाचं सांगायला लागली. रात्रपाळीनं डोळे लाल झाले होते, पण बोलणं थांबत नव्हतं.

पिशवीतल्या रक्ताला मुदत असते. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस. प्लेटलेट्स पाच दिवस. शिबिरं मात्र येतात जयंतीला, २६ जानेवारीला, साहेबांच्या वाढदिवसाला. त्या दिवशी रक्तपेढीत ठेवायला जागा नसते. मग मे महिना येतो. कॉलेजं बंद, घराघरांत लग्नं, ऊन. दिवाळीतही तसंच. थॅलेसेमियाच्या पोराला मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायचंच असतं. त्याला सुट्टी नाही. आई-बाप पोराला घेऊन बाकड्यावर बसतात आणि ताई फोन फिरवत बसते.

"आणि तुमच्या शिबिरात हेल्मेट," ती म्हणाली.

"हेल्मेटनं काय वाईट झालं? जीव वाचतो. रांग लागते."

"रांग लागते, तेच तर. मागच्या साली एक पोरगा आला. वीसेक वर्षांचा. फॉर्मवर लिहिलं होतं, पूर्वी रक्तदान नाही. पट्टा बांधला तर कोपराच्या खोबणीत सुईची खूण, अजून पिवळी. पुरुषानं तीन महिन्यांच्या आत परत देऊ नये. विचारलं तर म्हणतो, मॅडम, गेल्या महिन्यात डबा मिळाला होता, आता हेल्मेट द्या, भावाला पाहिजे. वाईट पोरगा नव्हता हो. मी त्याला सरबत देऊन परत पाठवला. पण जो डब्यासाठी खूण लपवतो, तो कावीळ लपवणार नाही कशावरून? आम्ही प्रत्येक पिशवी तपासतो. तरी सगळ्यांत सुरक्षित रक्त त्याचं, ज्याला बदल्यात काही नको असतं. हे भावनेनं नाही सांगत, बाकावर बसून सांगते."

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं गाडगेबाबांना काढलं. आपल्याकडे सेवेवरचा वाद तिथं गेल्याशिवाय राहत नाही.

"बाबांनी पण शेटजींकडून पैसे घेतले," तो म्हणाला. "धर्मशाळा काय हवेत उभ्या राहिल्या?"

"घेतले. पण गावात पाऊल टाकल्यावर आधी खराटा हातात. कीर्तन रात्री."

"खराटा बाबांबरोबर गेला, पोरी. धर्मशाळा राहिल्या. का राहिल्या? विश्वस्त नेमले म्हणून. वही ठेवली म्हणून. तुझ्यासारखी सच्ची माणसं एकटी झिजतात आणि मग थकतात. तू काल रात्री किती फोन केलेस?"

"चौदा."

"आले किती?"

"एक."

"माझी वही आण गं," मामानं आत आवाज दिला.

वही म्हणजे हजेरीचं रजिस्टर. मामाकडे जुनी सगळी आहेत. शंभर टक्के हजेरीची पिन त्याला इतक्यांदा मिळाली आहे की मामी त्या पिना पडद्यांना लावते. एकदा लग्नासाठी मडगावला गेला असताना सभा चुकू नये म्हणून तो तिथल्या क्लबात जाऊन बसला होता. कोकणीतली भाषणं ऐकून, जेवून, हजेरीची चिठ्ठी घेऊन परत. या वेडाची आम्ही आजवर थट्टाच केली.

त्यानं रजिस्टर उघडलं. सत्तेचाळीस नावं. "यातले पासष्टच्या आतले किती ते बघ," मला म्हणाला. मी खुणा केल्या. एकोणतीस. मधुमेहाचे, रक्तदाबाचे कोण आहेत हे मामाला दुकानामुळं ठाऊक होतं. त्यानं ती नावं काही न बोलता गाळली. उरली एकोणीस. त्यांच्यापुढं तो रक्तगट लिहू लागला. बरेचसे तोंडपाठ होते.

"मोठं शिबिर नको म्हणतेस ना? ठीक. दिवाळीचे तीन आठवडे आणि मे. आठवड्याला चार माणसं. आदल्या दिवशी फोन मी करणार. न आलेल्याला दुसऱ्या दिवशीही मीच करणार."

"फ्लेक्स?"

मामा अडखळला. "लहानसा?"

"अप्पा."

"बरं, नको. पण वर्षाच्या अहवालात येणार हे. ते मी सोडणार नाही. नव्या अध्यक्षाला काहीतरी दाखवावं लागतं गं. त्याशिवाय तो पुढच्याला देणार काय?"

ताईनं हे मान्य केलं, मनाविरुद्ध. हेल्मेटचं मामानं मान्य केलं नाही. २६ जानेवारीला हेल्मेट राहणारच, म्हणाला. त्यावर दोघांचं पुन्हा वाजलं आणि ताई न जेवताच झोपायला गेली.

त्यांच्यातला निवाडा मी करणार नाही, पण माझं मत सांगायला हरकत नसावी. पाटीबाबत ताईचं शंभर टक्के खरं आहे. हेल्मेटबाबतही. पण तिच्या चौदा फोनांतून एक माणूस आला, आणि मामाच्या वहीत एकोणीस निघाले. ही एकोणीस माणसं ताईहून चांगली नाहीत. ती फक्त बोलावल्यावर यायच्या सवयीची झाली आहेत. ती सवय लागायला जेवण, पिन, कॉलर, शिकागोच्या गोष्टी, सगळं लागलं. त्याच सवयीच्या जोरावर बाजारतळावरचा नळही दुरुस्त झाला असता, हे मामाला अजून कबूल करायचं आहे.

फॉर्मवर मी त्या दिवशी सही केली नाही. वहीत मात्र विसावं नाव माझं आहे, ओ पॉझिटिव्ह.

दिवाळीत मामानं ठरल्याप्रमाणे फोन केले. तीन आठवड्यांत बारा जण यायचे होते. नऊ आले. एकाचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघालं, त्याला परत पाठवलं. तीन आलेच नाहीत, त्यांच्या नावांपुढं लाल शाईनं गैरहजर असं लिहिलेलं आहे. मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. ३५० मिलीलिटर, दहा मिनिटं, वर एक बिस्किटाचा पुडा. ताई ड्युटीवर होती. तिनं मला कुठलीही सवलत न देता सगळे प्रश्न विचारले.

तिथून परत येताना बाजारतळावरून आलो. कुलूप तसंच होतं. किल्ली कुणाकडे आहे हे मी तीन ठिकाणी विचारलं. तिघांनी एकमेकांची नावं सांगितली.